चौकट किती, फेरफार किती: ऑनलाइन छायाचित्र स्पर्धांच्या नियमांवर एक संवाद

ऑनलाइन छायाचित्र स्पर्धेची नियमावली कितीही लांबलचक असली तरी तिचा गाभा दोन प्रश्नांत मावतो. पाठवायच्या चित्राचा आकार किती असावा? आणि शटर दाबल्यानंतर त्या चित्रात किती फेरफार चालावा? पहिल्याचे उत्तर पिक्सेल, मेगाबाइट आणि रंगपद्धती यांच्या भाषेत दिले जाते. दुसऱ्याचे उत्तर क्रॉप, उजळणे, गडद करणे, क्लोनिंग, फ्रेम जोडणे अशा शब्दांत येते. पहिला प्रश्न यंत्राचा आणि दुसरा सचोटीचा, अशी वाटणी सोयीची वाटते. प्रत्यक्षात दोन्ही नियम एकाच गोष्टीवरून ठरायला हवेत: ते चित्र कोण, कशासाठी पाहणार आहे.

ठाणे ते कल्याण-डोंबिवली हा पट्टा हे नियम तपासायला सोयीचा आहे, कारण स्पर्धांमधले बहुतेक विभाग इथे लोकलच्या तासाभराच्या अंतरात सापडतात. ठाणे खाडीतले फ्लेमिंगो निसर्ग विभागात जातात. या खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ साली रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. येऊरच्या जंगलातले कोळी आणि फुलपाखरे मॅक्रो छायाचित्रणाला विषय पुरवतात. अंबरनाथचे शिलाहारकालीन शिवमंदिर वारसा विभागाचे. डोंबिवलीच्या फडके रोडवरची, १९९९ पासून निघणारी गुढीपाडव्याची स्वागतयात्रा प्रवास किंवा लोकजीवन विभागाची.

पुढील संवादात दोन भूमिका समोरासमोर ठेवल्या आहेत. परीक्षक सलोनच्या, म्हणजे छायाचित्र संस्थांच्या मान्यतेने होणाऱ्या स्पर्धा-प्रदर्शनांच्या, शिस्तीत वाढलेले असून नियम काटेकोर हवेत, असे त्यांचे मत आहे. स्पर्धक कॅमेरा आणि मोबाइल दोन्ही वापरते आणि कारण न सांगता घातलेला नियम तिला मान्य नाही.

कमाल आकार आणि किमान आकार

चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून निघणारे चित्र साधारण ६००० × ४००० पिक्सेलचे असते, म्हणजे त्यात दोन कोटी चाळीस लाख ठिपके असतात. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका (पीएसए), छायाचित्रकलेचा आंतरराष्ट्रीय महासंघ (फियाप) आणि आपल्याकडील फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी यांच्या मान्यतेने होणाऱ्या अनेक डिजिटल सलोनांत मात्र रुंदी जास्तीत जास्त १९२०, उंची जास्तीत जास्त १०८० आणि फाइल सुमारे दोन मेगाबाइटच्या आत, अशी अट असते.

स्पर्धक: सर, एवढा कॅमेरा घ्यायचा आणि स्पर्धेला त्यातला दहावा हिस्साही पाठवायचा नाही? फ्लेमिंगोच्या पिसांचा पोत, चोचीवरचे चिखलाचे थेंब, हे सगळे आकार कमी करताना जाते.

परीक्षक: परीक्षण पडद्यावर होते आणि फुल एचडी पडदा १९२० × १०८० चाच असतो. तुम्ही मोठे चित्र पाठवले तरी ते दाखवताना लहान होणारच. फरक इतकाच, की मग ते काम सॉफ्टवेअर आपल्या मर्जीने करते. तुम्ही स्वतः आकार कमी केलात, त्यानंतर बेताने शार्प केलेत, तर पिसे कशी दिसावीत हे तुमच्या हातात राहते. शिवाय महागडा कॅमेरा आणि साधा कॅमेरा एकाच पायरीवर येतात.

स्पर्धक: मग विकी लव्हज मॉन्युमेंट्ससारखी वारसा वास्तूंच्या छायाचित्रांची स्पर्धा याच्या बरोबर उलट का सांगते? तिथे चित्र निदान दोन मेगापिक्सेलचे हवे आणि जमल्यास पूर्ण आकाराचे. सलोनची चौकट गच्च भरली तर २०,७३,६०० पिक्सेल होतात. एकाची कमाल मर्यादा तीच दुसऱ्याची किमान! त्यातही आपल्या कॅमेऱ्यांचे प्रमाण ३:२. ते चित्र सलोनच्या चौकटीत १६२० × १०८० होते, म्हणजे साडेसतरा लाख पिक्सेल. अंबरनाथच्या मंदिराचा एकच फोटो एका ठिकाणी नियमात बसतो आणि दुसरीकडे तीच फाइल अपुरी पडते.

परीक्षक: पडावीच, कारण दोन्हींचे काम वेगळे आहे. सलोनमध्ये चित्र पाहायचे, गुण द्यायचे, निकाल लावायचा, एवढेच असते. विकी लव्हज मॉन्युमेंट्सचे चित्र विकिमीडिया कॉमन्सवर कायमचे राहते, ज्ञानकोशात लागते, कुणी ते छापते. अंबरनाथच्या मंदिरातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा. तिथल्या मूर्ती ऊन-पावसाने झिजत आहेत. पन्नास वर्षांनी एखादा अभ्यासक एखाद्या मूर्तीच्या हातातले आयुध ओळखू पाहील, तेव्हा त्याला तुमचा प्रत्येक पिक्सेल हवा असेल.

नेदरलँड्समध्ये २०१० साली सुरू झालेल्या विकी लव्हज मॉन्युमेंट्समध्ये भारत २०१२ साली उतरला, आणि २०१७ साली जेजुरीच्या खंडोबा मंदिरातल्या भंडाऱ्याच्या उधळणीचे छायाचित्र जगभरातून पहिले आले. तिच्या आणि सलोनच्या नियमांतला फरक पाहिला की एक गोष्ट स्पष्ट होते. कमाल आकाराचा नियम तुलनेसाठी असतो, किमान आकाराचा नियम जतनासाठी. कोणता कशासाठी, हे नियमावलीने एका वाक्यात सांगितले तर निम्म्या तक्रारी उद्भवणारच नाहीत.

उभ्या चित्राचे गणित

स्पर्धक: तुलनेसाठी म्हणता, तर मग चौकट सगळ्यांना सारखी हवी. ३:२ प्रमाणाचे आडवे चित्र १६२० × १०८० राहते. तेच उभे धरले तर ७२० × १०८०. साडेसतरा लाखांवरून पावणेआठ लाख पिक्सेल! मोबाइलचे ३:४ चे उभे चित्र ८१० × १०८० वर येते. उंच उभारलेली गुढी आणि तिच्याकडे मान वर करून पाहणारे पोर, हा फोटो आडवा कसा काढायचा?

परीक्षक: पडदाच आडवा आहे, त्याला काय करणार?

स्पर्धक: काही स्पर्धा रुंदी-उंची न सांगता फक्त लांब बाजूची मर्यादा देतात. लांब बाजू १९२० म्हटले, की आडवे चित्र १९२० × १२८० आणि उभे १२८० × १९२०. दोघांचे पिक्सेल सारखे. आता बरेच परीक्षक घरी संगणकावर बसून गुण देतात, त्यांना चित्र मोठे करून पाहता येते.

परीक्षक: हे मान्य. सभागृहात प्रोजेक्टरवर एकामागून एक चित्रे दाखवायची असतील, तर चौकटीचा नियम ठीक आहे. परीक्षण घरबसल्या होणार असेल, तर लांब बाजूचा नियम अधिक न्याय्य.

या नियमाबाबत होणारी सर्वांत मोठी चूक म्हणजे ‘१९२० × १०८०’ हे माप कमाल मर्यादा म्हणून न वाचता सक्तीचे माप म्हणून वाचणे. काही जण चित्र नेमके त्या मापात बसवण्यासाठी ताणतात. मग यात्रेतल्या लेझीम खेळणाऱ्या मुली आडव्या फुगतात. काही जण गरज नसताना वरचा-खालचा भाग कापतात. काही जण उरलेली जागा काळ्या पट्ट्यांनी भरतात. प्रमाण कायम ठेवून एक बाजू मर्यादेत आणली, की दुसरी आपोआप आत येते. एवढेच करायचे असते. मूळ चित्र मर्यादेपेक्षा लहान असेल तर ते वाढवू नये. वाढवल्याने तपशील परत येत नाही, सॉफ्टवेअर अंदाजाने ठिपके भरते.

डीपीआय, मेगाबाइट आणि रंग

स्पर्धक: आपल्याकडच्या कितीतरी नियमावल्यांत ‘चित्र ३०० डीपीआय असावे’ असे असते. १९२० पिक्सेलची फाइल आणि वर ३०० डीपीआय, याचा अर्थ काय?

परीक्षक: पडद्यापुरता काहीच नाही. डीपीआयचा संबंध कागदाशी. १८ × १२ इंचाचा प्रिंट ३०० च्या घनतेने काढायचा तर ५४०० × ३६०० पिक्सेल लागतात. १९२० पिक्सेल त्याच कागदावर पसरले तर इंचाला जेमतेम १०७ येतात आणि प्रिंट मऊ दिसतो. म्हणून निवडलेली चित्रे प्रदर्शनात मांडायची असतील, तर मूळ फाइल नंतर मागवली जाईल, असे आयोजकाने आधीच लिहावे.

फाइलच्या वजनाचा नियमही समजून पाळावा लागतो. जेपीईजी पद्धत चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडून त्यांतला बारीक तपशील गाळते आणि फाइल हलकी करते. तीच फाइल पुन्हा उघडून पुन्हा जतन केली, की पुन्हा गळती होते. ठाण्याच्या उपवन तलावावरच्या संध्याकाळच्या आकाशात रंग एकमेकांत विरघळण्याऐवजी पट्टे दिसू लागतात, ते बहुधा यामुळेच. स्पर्धेसाठीची फाइल दरवेळी मूळ चित्रावरून एकदाच तयार करावी.

स्पर्धक: पण गल्लीतल्या मंडळाची स्पर्धा असली, की ‘फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा’ म्हणतात. तिथे चित्र आपोआप लहान होते आणि त्यातली तारीख, कॅमेऱ्याची माहितीही उडते.

परीक्षक: आणि मग तेच आयोजक मूळ माहिती नाही म्हणून फोटो बाद करतात. हे योग्य नाही. व्हॉट्सअ‍ॅपच वापरायचे असेल तर चित्र डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावे, म्हणजे फाइल आहे तशी पोहोचते.

रंगपद्धतीबाबत बहुतेक स्पर्धा एसआरजीबी मागतात, कारण सर्वसाधारण पडदे आणि ब्राउझर तीच गृहीत धरतात. अ‍ॅडोबी आरजीबीमध्ये तयार केलेले चित्र प्रोफाइल न जोडता पाठवले, तर फ्लेमिंगोचा गुलाबी रंग परीक्षकाच्या पडद्यावर फिका, मातकट दिसू शकतो. नाव किंवा वॉटरमार्क चित्रावर नसावा, या नियमाचे कारण सरळ आहे: परीक्षकाला चित्र कोणाचे ते कळू नये.

उजेड, अंधार आणि क्रॉप

आकाराच्या नियमांवर दोघांचे बऱ्यापैकी जमते. संपादनाच्या नियमांवर वाद खरा पेटतो.

स्पर्धक: फेरफार ही डिजिटलची देणगी आहे, असे बोलतात. पण डार्करूममध्ये कागदाचा एक भाग हाताने झाकून उजळ ठेवायचा, दुसऱ्यावर जास्त प्रकाश पाडून तो गडद करायचा, हे चालतच होते. स्टुडिओवाले निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून चेहऱ्यावरचे डाग घालवायचे. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स या अमेरिकी छायाचित्रकाराने १९४१ साली टिपलेले ‘मूनराइज’ त्याने पुढे कितीतरी वर्षे छापले, आणि नंतरच्या प्रिंटांत आकाश अधिकाधिक काळे होत गेले. त्याला कुणी खोटारडा म्हटले नाही.

परीक्षक: आम्हीही म्हणत नाही. उजेड, कॉन्ट्रास्ट, रंगाचा तोल, कृष्णधवल करणे, सेन्सरवरची धूळ पुसणे, नॉइझ कमी करणे, हे जवळपास सगळीकडे चालते. पीएसए, फियाप आणि ब्रिटनची रॉयल फोटोग्राफिक सोसायटी यांनी निसर्ग छायाचित्रणाची एकत्र व्याख्या केली, ती २०१५ पासून लागू आहे. तिचा आशय असा, की सादरीकरण सुधारा, पण मूळ दृश्यात जे आहे ते बदलू नका, आणि सुधारलेले चित्र नैसर्गिक दिसले पाहिजे.

स्पर्धक: ‘नैसर्गिक दिसले पाहिजे’ हे कोण ठरवणार? रंग थोडा वाढवला की कुणी ‘छान’ म्हणते, कुणी ‘अति झाले’ म्हणते.

परीक्षक: फ्लेमिंगोचेच घ्या. त्याचा गुलाबी रंग खाण्यातून येतो. कोवळी पिल्ले करडी-पांढरी असतात, वयात आलेल्या पक्ष्यांवर गुलाबी चढतो, आणि छोटा फ्लेमिंगो मोठ्यापेक्षा अधिक गडद असतो. तुम्ही गुलाबी रंगाची पट्टी ओढून सगळा थवा सारखाच गुलाबी केलात, तर पिल्लू प्रौढ झाले आणि एक जात दुसऱ्या जातीसारखी दिसू लागली. रंग वाढवताना तुम्ही पक्ष्याबद्दलची माहिती बदलली. सीमा तिथे आहे.

स्पर्धक: हे पटण्यासारखे आहे. मग नियमात हेच लिहा ना! ‘अतिरेक नको’ लिहून काही कळत नाही. ‘जात, वय, वेळ किंवा हवामान वेगळे भासेल असा रंगबदल नको’ असे लिहिले तर कळेल.

क्रॉपबाबत जवळजवळ सर्व स्पर्धा उदार आहेत. त्यावरही प्रश्न येतो: क्रॉपनेही नको असलेली वस्तू जातेच, मग ती क्लोनने, म्हणजे चित्रातलाच दुसरा भाग तिच्यावर उमटवून, घालवली तर काय बिघडले? याचे उत्तर देणारे प्रकरण २०१० साली वर्ल्ड प्रेस फोटो या वृत्तछायाचित्रांच्या स्पर्धेत घडले. स्टेपान रुडिक या युक्रेनी छायाचित्रकाराने रस्त्यावरच्या मारामारीच्या मालिकेतले एक चित्र मोठ्या प्रमाणात क्रॉप केले होते, कृष्णधवल आणि गडद केले होते. त्यावर परीक्षकांनी हरकत घेतली नाही. पण पट्टी बांधलेल्या हाताशेजारी मागच्या माणसाच्या पायाचा एक छोटा तुकडा दिसत होता, तो त्याने पुसला होता. तेवढ्यासाठी बक्षीस गेले. क्रॉप म्हणजे चौकट कुठे संपेल हे ठरवणे. त्या चौकटीच्या आत जे दिसते ते होते तसेच राहते. क्लोन चौकटीच्या आतलेच बदलतो, आणि पाहणाऱ्याला ते कळण्याचा मार्ग उरत नाही.

खाडीतले टॉवर आणि फडके रोडवरच्या तारा

स्पर्धक: आता खरी अडचण सांगते, सर. ठाणे खाडीत विजेचे उंच टॉवर उभे आहेत, पलीकडे इमारतींची रांग आहे. थवा उडाला की मागे टॉवर येतोच. निसर्ग विभागाच्या व्याख्येत माणसाने बनवलेली वस्तू नको, आणि ती पुसायलाही परवानगी नाही. मग ठाण्याच्या माणसाने फ्लेमिंगो काढायचेच नाहीत?

परीक्षक: काढायचे. कोन बदला, भरतीची वाट पाहा, पक्षी जवळ आले की आकाशाऐवजी पाण्याची पार्श्वभूमी घ्या, क्रॉप करा. त्या व्याख्येत अपवादही आहे: माणसाने बदललेल्या परिसराशी जुळवून घेतलेले प्राणी दाखवताना मानवी घटक कथेचाच भाग असेल, तर तो चालतो.

स्पर्धक: आणि तरीही टॉवर राहिला तर?

परीक्षक: तर तो टॉवरच तुमचा विषय करा. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत २०१६ साली शहरी विभागात मुंबईच्या नयन खानोलकरांचे चित्र पहिले आले. आरे वसाहतीतल्या पाड्यातल्या गल्लीतून रात्री चाललेला बिबट्या. त्यातल्या घरांच्या भिंती पुसल्या असत्या तर चित्रात काय उरले असते? टॉवरखाली चरणारा फ्लेमिंगो हे आजच्या ठाणे खाडीचे खरे चित्र आहे.

टॉवर पुसण्याचा प्रयत्न बहुधा पकडलाही जातो. आकाशातला टॉवर सहज जातो, पण ओहोटीच्या ओल्या चिखलावर पडलेले त्याचे प्रतिबिंब राहून जाते. तेही झाकले तर पाण्यावरची एकच लहर दोन ठिकाणी हुबेहूब दिसते, कारण क्लोनने ती एका जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवलेली असते. चित्र मोठे करून पाहणाऱ्या परीक्षकाची नजर आधी अशाच जागांवर जाते.

फडके रोडवर हाच प्रश्न तारा आणि फलकांच्या रूपात येतो. प्रवास विभागाच्या प्रचलित व्याख्येत काही घालणे, हलवणे, बदलणे किंवा क्रॉपशिवाय काढणे चालत नाही. स्पर्धकाच्या मते ढोल-ताशा पथकाच्या डोक्यावरच्या केबल चित्राला काहीच देत नाहीत. परीक्षकांच्या मते त्या केबल आणि ते फलक म्हणजेच त्या वर्षीची डोंबिवली. पुढच्या पिढीला यात्रा कशी निघत होती हे पाहायचे असेल, तर तिला स्वच्छ केलेला रस्ता नको, खरा रस्ता हवा. दोघांचेही समाधान होईल अशी जागा नियमांत आहेच. खुला किंवा कलात्मक विभाग त्यासाठीच असतो. तिथे स्वतःच्याच छायाचित्रांतून हवी ती रचना करता येते. तेच चित्र वस्तुनिष्ठ विभागात पाठवले, की वाद सुरू होतो.

अनेक फ्रेमचे एक चित्र

येऊरमधल्या बोटाच्या पेरापेक्षा लहान कोळ्याचे आठही डोळे आणि पाय एकाच वेळी फोकसमध्ये येत नाहीत. म्हणून फोकस किंचित सरकवत अनेक फ्रेम घेऊन त्या एकत्र करतात. याला फोकस स्टॅकिंग म्हणतात. वेगवेगळ्या एक्स्पोजरच्या फ्रेम एकत्र करून उजेड-सावली दोन्हीतला तपशील मिळवणे म्हणजे एचडीआर. शेजारशेजारच्या फ्रेम शिवून रुंद चित्र करणे म्हणजे पॅनोरामा. निसर्गाच्या एकत्रित व्याख्येत पहिल्या दोन्हींना मुभा आहे, शिवलेल्या चित्राला नाही.

स्पर्धक: हे मला विसंगत वाटते. तिन्हींत फ्रेम अनेकच आहेत. अंबरनाथच्या मंदिराची संपूर्ण बाजू तीन फ्रेम शिवून घेतली, तर त्यात खोटे काय?

परीक्षक: मंदिर हलत नाही, म्हणून वारसा विभागात अडचण नाही. थवा हलतो. पहिल्या फ्रेममधला पक्षी तिसऱ्या फ्रेममध्ये पुन्हा येऊ शकतो आणि थवा आहे त्याहून मोठा दिसतो.

स्पर्धक: मग मोबाइलचे काय? कल्याण स्थानकाच्या पुलावरून रात्री फोटो काढला, की फोन स्वतःच अनेक फ्रेम घेऊन एक चित्र बनवतो. मी फक्त एकदा बोट लावलेले असते. २०२३ साली तर एका कंपनीचे फोन चंद्राच्या धूसर चित्रात मुळात नसलेला तपशील भरतात, यावरून जगभर चर्चा झाली. इथे फेरफार कुणी केला, मी की फोनने?

परीक्षक: याला अजून सर्वमान्य उत्तर नाही. माझे मत असे, की मोबाइलला स्वतंत्र विभाग द्यावा, फोनच्या कॅमेऱ्यातून निघाली तशी फाइल मागावी, आणि वस्तू पुसणारी, आकाश बदलणारी साधने स्पष्ट नावानिशी वर्ज्य करावीत.

स्पर्धकाला स्वतंत्र विभागही मान्य नाही. तिच्या मते साधन कोणते यापेक्षा चित्रात काय घातले आणि काय काढले, हाच निकष सर्वांना लागू व्हावा. या मुद्द्यावर दोघांचे एकमत होत नाही.

पुरावा

नियम मोडला की नाही हे कळायला मूळ फाइल लागते. रॉ फाइलमध्ये सेन्सरने टिपलेली माहिती जशीच्या तशी असते. संपादनाची सॉफ्टवेअर तिला हात न लावता बदलांची नोंद वेगळी ठेवतात. म्हणून मोठ्या स्पर्धा अंतिम फेरीत रॉ मागतात. वर्ल्ड प्रेस फोटोने २०१५ साली मूळ फाइली तपासल्या, तेव्हा शेवटच्या आधीच्या फेरीतली सुमारे वीस टक्के चित्रे बाद झाली.

स्पर्धक: ज्याच्याकडे रॉची सोय नाही, त्याने काय करायचे?

परीक्षक: कॅमेऱ्यातली मूळ जेपीईजी आणि त्या क्षणाच्या आधीची-नंतरची चित्रे द्यावीत. पाठोपाठची पाच-सहा चित्रे पाहिली की बराच उलगडा होतो. म्हणून निकाल लागेपर्यंत कार्ड पुसू नका.

स्पर्धक: पण रॉ सगळे पकडत नाही. लंडनच्या त्याच स्पर्धेत २००९ चा लांडग्याचा विजेता फोटो पुढच्या वर्षी बाद झाला, कारण लांडगा पाळीव असावा असा निष्कर्ष निघाला. २०१७ चा मुंगीखाऊचा फोटो २०१८ साली बाद झाला, कारण तो प्राणी पेंढा भरलेला असल्याचे तज्ज्ञांचे मत पडले. दोन्हींत प्रश्न संपादनाचा नव्हताच.

परीक्षक: बरोबर. म्हणूनच घरट्यातल्या पिल्लांचे फोटो, आमिष दाखवून काढलेले फोटो यांवर आपल्याकडच्या अनेक निसर्ग स्पर्धांत बंदी असते. सचोटी शटर दाबण्याच्या आधीपासून लागते.

चित्राच्या इतिहासाची डिजिटल नोंद फाइलमध्येच जोडण्याचे तंत्रही आता कॅमेऱ्यांत येऊ लागले आहे. लायकाने २०२३ साली अशी सोय असलेला कॅमेरा बाजारात आणला. ही नोंद सर्वत्र रुळेपर्यंत मूळ फाइल हाच आधार राहील.

कृत्रिम बुद्धिमत्ता

२०२३ साली जर्मनीच्या बोरिस एल्डाग्सेनने सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्समध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले चित्र पाठवले, ते विभागात जिंकले आणि त्याने बक्षीस नाकारले. २०२४ साली माइल्स अ‍ॅस्ट्रे याने उलट प्रयोग केला. मान पोटाखाली वळवल्यामुळे डोके नसल्यासारखा दिसणारा फ्लेमिंगोचा खरा फोटो त्याने एका स्पर्धेच्या कृत्रिम बुद्धिमत्ता विभागात पाठवला. तो बक्षिसास पात्र ठरला आणि सत्य सांगितल्यावर बाद झाला.

परीक्षक: दोन्ही वेळा परीक्षकांची नजर फसली. म्हणजे नुसते चित्र पाहून निवाडा करण्याचे दिवस सरले.

स्पर्धक: आणि दोन्ही वेळा चुकला तो विभाग. खरा फोटोसुद्धा चुकीच्या विभागात बाद होतो, यावरून विभागाची व्याख्या किती महत्त्वाची ते दिसते. पण ‘एआय चालणार नाही’ एवढ्याने भागत नाही. नॉइझ कमी करणारे साधनही आता त्यावरच चालते.

इथे दोघे एका रेषेवर येतात. जे साधन टिपलेलेच स्पष्ट करते ते सहसा चालावे. जे साधन न टिपलेले निर्माण करते ते वस्तुनिष्ठ विभागांत चालू नये. चित्राचा प्रत्येक भाग स्पर्धकाने स्वतः टिपलेला असावा, ही अट मात्र खुल्या विभागातही राहावी.

मोठी फाइल आणि मालकी

पूर्ण आकाराची फाइल दिली, की तिचा वापर कोण, कुठे करणार हा प्रश्न येतो. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे छायाचित्राचा पहिला मालक सर्वसाधारणपणे ते काढणारा असतो. हे हक्क त्याच्या हयातीत आणि नंतर साठ वर्षे टिकतात, आणि ते दुसऱ्याला द्यायचे तर लेखी हस्तांतरण लागते.

स्पर्धक: तरी ‘प्रवेशिकांचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील’ हे वाक्य नियमावलीत सर्रास असते. एका प्रशस्तिपत्रकासाठी फोटो कायमचा द्यायचा?

परीक्षक: तसे मागू नये. स्पर्धेच्या प्रसिद्धीपुरता आणि प्रदर्शनापुरता वापर, तोही नावासह, एवढे पुरेसे आहे. विकी लव्हज मॉन्युमेंट्समध्ये मुक्त परवाना द्यावा लागतो, पण मालकी काढणाऱ्याचीच राहते, श्रेय देणे बंधनकारक असते, आणि ही अट आधीच उघड सांगितलेली असते.

नियमावलीत काय असावे

या चर्चेतून आयोजकांसाठी काही गोष्टी निश्चित होतात. आकाराचा नियम परीक्षण कुठे होणार यावरून ठरवावा, कमाल की किमान ते स्पष्ट लिहावे, आणि घरबसल्या परीक्षण असेल तर लांब बाजूची मर्यादा द्यावी. पडद्यावरच्या स्पर्धेसाठी डीपीआयची अट काढून टाकावी. संपादनाचा नियम सर्व विभागांना एकच न ठेवता प्रत्येक विभागाला त्याच्या स्वरूपाप्रमाणे लिहावा, आणि ‘माफक’, ‘अतिरेकी’ अशा शब्दांऐवजी चालणाऱ्या व न चालणाऱ्या कृतींची नावे द्यावीत. मूळ फाइल मागायची असेल तर ते प्रवेशिका घेतानाच सांगावे. एखादे चित्र बाद केले तर कारण कळवावे आणि स्पर्धकाला खुलाशाची संधी द्यावी.

स्पर्धकांसाठीही चार गोष्टी आहेत. विभागाची व्याख्या चित्र निवडण्याआधी वाचावी. मूळ फाइल आणि आजूबाजूच्या फ्रेम जपून ठेवाव्यात. स्पर्धेची प्रत मूळ चित्रावरून, प्रमाण न बिघडवता, एसआरजीबीमध्ये एकदाच तयार करावी. आणि एखादा फेरफार चालेल की नाही अशी शंका आली, तर आयोजकांना आधी विचारावे किंवा ते चित्र खुल्या विभागात पाठवावे.